तीन चालींची सायकल

लातूर
१४ मार्च १९८३

ती. अक्कास,
गुरुलिंगचा नमस्कार.

एक सायकल उजळायला खरा खर्च किती येतो ते आधी सांगतो. रेशनचं रॉकेल तीन बाटल्या, म्हणजे घरातला स्वयंपाक चार दिवस काटक्यांवर. पॉलिशचा कागद सहा ताव. उजव्या अंगठ्याचं नख. आठवड्याचं गिऱ्हाईक, ते समोरच्या दुकानात गेलं. आणि एका मुकादमाला मारलेली थाप. तिची किंमत अजून कळायची आहे. एवढं करून सायकल अर्धीच उजळली.

अकरा वर्षांनी भावाचं पत्र येतं आणि त्यात पहिल्यांदा हिशेब, म्हणून तू कपाळावर हात मारशील. मार, पण पत्र फाडू नको.

मी बरा आहे. लातूर जिल्हा झाला हे तू नांदेडला ऐकलंच असशील. उस्मानाबादहून फायली ट्रकनं आल्या आणि फायलींच्या मागं कारकून. घर मिळायच्या आधी प्रत्येकाला सायकल लागते. प्यायला पाणी नाही, टँकरच्या मागं बायका पळून राहिल्यात, पण माझं दुकान चाललंय. नव्या कचेरीतल्या नाझरसाहेबांना मी त्यांची सायकल हातात न घेता सांगितलं की मागच्या चाकात एक छर्रा फुटलाय. ते हसले. उघडून तळहातावर ठेवला तेव्हा हसू गेलं. लोक म्हणतात, गुरुलिंग झोपला तरी त्याचे कान जागे असतात. उगीच म्हणत नाहीत. याच कानांवर दुकान उभं राहिलं.

तर ही सायकल. अहमदपूरकडच्या एका गिऱ्हाइकानं आणली, लई वर्षं चिखलात पडलेली. विलायती आहे. समोरचं पितळी चिन्ह कोणीतरी उपटलंय, रिव्हेटची दोन भोकं तेवढी राहिलीत. साखळी उघडी नाही, पत्र्याच्या बंद डब्यात आहे. डब्यात तेल भरायचं, साखळी तेलातून फिरायची. डबा उघडला, आतला काळा लगदा पुसला, आणि चक्रात तीन बगळे निघाले. खरंच सांगतो, पत्रा कापून केलेल्या तीन बगळ्यांच्या माना. आमचे उस्ताद म्हणायचे, बगळा दिसला की रॅले कंपनीची समजायची. मागच्या चाकाचा हब मोसंब्याएवढा, त्याच्या पोटात तीन चाली: चढाची, सपाटीची, उताराची. चाल बदलायची दांडी वरच्या नळीवर. हबवर ८ कोरलाय, म्हणजे सन अडतीसचा माल. असा हब चालताना टिकटिक करतो. दुसरी कुठलीच सायकल तसा आवाज करत नाही.

मला एकच विचारायचं आहे. शिवप्पा दाजींची सायकल उदगीरच्या जिनिंगमधल्या गोऱ्या इंजिनियरकडून आलेली. तिथं तशी एकच होती की दोन? दोन असतील तर एक कार्ड टाक. एकच असेल तर घाई नाही.

तुझा,
गुरुलिंग


लातूर
२६ मार्च १९८३

ती. अक्कास,
नमस्कार.

कार्ड आलं नाही. पोस्टाचा दोष नसावा.

मागच्या पत्रात एक गोष्ट खोटी लिहिली. अहमदपूरचं गिऱ्हाईक वगैरे कोणी नाही. सायकल आपल्या विहिरीतून निघाली. आपली म्हणजे आपल्या अप्पा-अव्वांची, अप्पा गेल्यावर गावातल्या शेषेरावनं शेतासकट विकत घेतलेली. नव्या जिल्ह्याच्या कचेरीनं दुष्काळी कामात गाळ काढायला मंजुरी दिली. पहिल्या आठ दिवसांत गाळातून काहीतरी वर यायला लागलं. धोंडाबाई म्हणून एक म्हातारी खाली घमेलं भरत होती, ती ओरडली, "मुकादम, हिरीत रेडकू हाय. शिंगं लागून राहिली हाताला."

वरून कोणी म्हणालं, "जुनं असंल, वढ."

तिनं ओढलं आणि म्हणाली, "रेडकाला घंटी हाय गं बाई."

हँडल होतं ते. मुकादम व्यंकटरावनं मला निरोप धाडला की तुम्ही सायकलवाले, भंगार घेऊन जा. मी पोचलो, बघितलं, आणि तोंडातून निघून गेलं, "माझीच आहे ही. दुकानातून चोरीला गेली होती."

व्यंकटराव बिडी विझवून म्हणाला, "दुकान लातूरला. अन् चोरानं इतक्या लांब आणून हिरीत टाकली व्हय?"

मी म्हणालो, "चोर आळशी नव्हता."

सगळे हसले. मीही हसलो. माणसं हसली की विचारत नाहीत, हे मी दुकानात शिकलो. पण व्यंकटराव हसता हसता खाली बघत होता. म्हणाला, "अजून दोन परस गाळ हाय, दोन माणसं उभी बुडतील येवढा. काय काय निघतंय बघू."

सायकल पोत्यात गुंडाळून एसटीच्या टपावर टाकली आणि आणली. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. बायको म्हणते, दवाखान्यात जा. दवाखान्यात काय सांगू?

तू माझ्यावर का रुसलीस ते मी कधी लिहिलं नाही. आज लिहितो. बहात्तरच्या दुष्काळात तू दुकानात आलीस. मी गिऱ्हाइकांना माझी ठरलेली गोष्ट सांगत होतो: मी नऊ वर्षांचा, सन अठ्ठेचाळीसचा श्रावण, पहाटेची वेळ. आमचे दाजी बायकोला टाकून पळाले, कोणाला पत्ता नाही, पण मी अंथरुणातून ऐकलं. टिकटिक टिकटिक करत सायकल नांदेडच्या रस्त्याला लागली. सकाळी लोकांनी विचारलं तर सांगितलं, नांदेड रोड. तेव्हापासून हे कान सायकलीलाच दिले. लोक टाळ्या द्यायचे. त्या दिवशीही दिल्या. मागं वळलो तर तू पायरीवर उभी होतीस. पाणीसुद्धा न पिता गेलीस.

ती गोष्ट मी त्यानंतरही सांगितली. कमी सांगितली.

आता तू म्हणशील, नांदेडच्या रस्त्याला लागलेली सायकल आपल्या विहिरीत कशी? म्हणूनच विचारतो, तशा दोन होत्या का?

गुरुलिंग


लातूर
८ एप्रिल १९८३

अक्का,

तुझं कार्ड आलं. चार ओळी, पण तुझं अक्षर. "दोन होत्या. दुसरी गोरा साहेब बोटीत घालून घेऊन गेला. आता सरळ काय ते लिही, नसता लिहूच नको."

सरळ लिहितो. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. विहिरीच्या काठावर, चिखल पुसायच्या आधी. दाजी आपल्याकडं राहायला आले तेव्हा चालीच्या दांडीचा गोळा मोडला होता, म्हणून त्यांनी तिथं तुझ्या कुंकवाच्या करंड्याचं पितळी झाकण बसवलं होतं. तू तीन दिवस त्यांच्याशी बोलली नव्हतीस, आणि अव्वानं करंड्यावर नागवेलीचं पान झाकलं होतं. ते झाकण दांडीवर तसंच आहे. रॉकेल लावलं आणि कडेची वेलबुट्टीसुद्धा उघडी झाली. मी पुन्हा चिंधी गुंडाळली. गिऱ्हाईक विचारतं, हे काय? मी म्हणतो, विलायती सामान आहे, आपल्याला कळत नाही.

आता भीतीचं लिहितो.

आधी मी मनाची समजूत घातली की दाजी अंधारात निघाले, वाट चुकली, सायकलीसकट विहिरीत गेले. पुढचं चाक धरणारा चिमटा डावीकडं वळून तिथंच घट्ट बसलाय, हलत नाही. म्हटलं, काठावर आपटून बसला असेल. पण आपटलेली सायकल मी शेकड्यानं बघितली. आपटली की नळी चिमते, रिम आठाच्या आकड्यासारखी होते. इथं दोन्ही सरळ. ही सायकल कुठं आपटली नाही. ही कुणीतरी सावकाश खाली सोडली.

आणि सोडताना तिला जात्याची वरची तळी तारेनं बांधली; तारेचे वेढे अजून नळीला आहेत आणि तळी त्याच गाळातून निघाली. विहिरीत बादली पडली की लोक गळ टाकतात, त्या गळाला लागून सायकल वर येऊ नये म्हणून. तळी आपली आहे. अव्वाचं जातं त्याच श्रावणात मोडलं होतं. वरची तळी कुठं गेली म्हणून ती विचारायची आणि अप्पा म्हणायचे, फुटली, टाकली. तिचा खुंटा बसायचा तिथली कड उडालेली, मी लहानपणी त्या खाचेत बोट घालायचो. परवा घातलं.

म्हणजे अप्पा. दुसरं कोण?

मग खाली दोन परस गाळात काय आहे? मी एक दिवसाआड गावी जातो. मजुरांना चिवडा नेतो, बिड्या नेतो, काठावर बसून गमती सांगतो. बादली वर आली की आधी बादलीत बघतो, मग माणसाकडं. धोंडाबाई म्हणाली, "दुकानदार, तुमचं काय हरवलंय हिरीत?"

"काही नाही मावशी."

"मग सायकल घावली तरी तोंड मढ्यावाणी का?"

मी व्यंकटरावला बाजूला घेऊन विचारलं, समजा हाडंबिडं निघाली तर. तो म्हणाला, "पोलीस पाटलाला सांगावं लागतंय. पंचनामा. मागल्या साली कागद उस्मानाबादला गेला असता अन् तिथंच मेला असता. आता जिल्हा दाराशी आलाय. साहेब दोन तासात जीप घेऊन हजर. नवे साहेब हायेत, त्यांना कागद रंगवायची हौस."

मग मी एक हलकं काम केलं. शेषेरावला म्हणालो, पाणी लागायचं नाही इथं, काम थांबवा, उगीच कशाला. धोंडाबाईनं ऐकलं. घमेलं खाली ठेवून म्हणाली, "थांबवा? हितं चार महिने काम हाय म्हणून चूल पेटून राहिली. तुम्ही येता का आमच्या चुलीत जळायला?"  ती चुकीचं बोलली नाही.

पाकिटावर तुझ्या नावामागं काय लिहावं, हे मला पस्तीस वर्षांत ठरवता आलं नाही. सौ. लिहावं तर नवरा कुठं? गं. भा. लिहावं तर तो सोलापूरच्या मिलमध्ये दिसला म्हणून कोणी ना कोणी दर दोन वर्षांनी सांगायचं. मी नुसतं दानम्मा लिहून पाकीट चिकटवतो. आता ते त्या गाळात ठरणार आहे, आणि अप्पांचंही तिथंच.

हे पत्र जाळून टाक.

गुरुलिंग


लातूर
२२ एप्रिल १९८३

अक्का,

तुझी पुडी मिळाली. दवाखान्याच्या औषधाचा कागद, त्यात कापूस, कापसात किल्ली. आणि तुझं पत्र. ते मी इतक्या वेळा वाचलं की पाठ झालं. पण एकदा माझ्या हातानं लिहून बघतो, नीट समजलं का ते कळायला.

"पत्र जाळलं नाही. त्या पहाटे हे निघाले तेव्हा घरात फक्त मी जागी होते, आणि अप्पा गोठ्यात. ह्यांनी ही किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाले, दिवेलागणीला येतो, तोवर ठेव. कशाची ते मी विचारलं नाही, बाहेर येऊन ते कसे गेले तेही बघितलं नाही, नवऱ्याला असं विचारायची रीत नव्हती. मग तू सांगितलंस, सायकल गेली. सगळे म्हणाले, पोराचे कान खरे. मी विचार केला, ही सायकलीची असेल तर सायकल नेताना किल्ली कशाला दिली? मग माझं मीच उत्तर काढलं की दुसरी किल्ली असणार, ही मला भुलवायला दिली. त्या एका गोष्टीवर मी त्यांना पस्तीस वर्षं शिव्या दिल्या. नर्सच्या कामाला लागले, दुसऱ्यांची बाळं काढली, त्यांचं नाव घेतलं नाही. आता सांग ही कशाची. तुझ्या कानांना विचार."

अक्का, मी सायकलवाला आहे आणि मला पाच आठवडे दिसलं नव्हतं. हँडलच्या खाली, चिमट्याच्या डोक्यावर एक पितळी गोल होता. गंजाच्या पापुद्र्याखाली. मला वाटलं, भोक बुजवायची टिकली असेल. ते कुलूप आहे. आपल्याकडच्या सायकलीला कुलूप मागच्या चाकाला असतं. ह्या सायकलीचं चिमट्यात असतं. हँडल डावीकडं वळवायचं, किल्ली फिरवायची, मग हँडल तिथंच अडकतं. ढकलली तर गोल गोल फिरेल, पण सरळ एक हात जाणार नाही.

पितळ गंजत नाही. कोंबडीच्या पिसानं तीन दिवस त्यात रॉकेल सोडलं. चौथ्या दिवशी दुकान आतून लावलं आणि तुझी किल्ली घातली. आधी दोनदा चुकली. मग फिरली. आत कट् असा बारीक आवाज झाला आणि चिमटा सैल झाला. हँडल मी हातानं सरळ केलं. पस्तीस वर्षांनी ते समोर बघत होतं. 

दाजींनी सायकलीला कुलूप लावलं, किल्ली बायकोकडं दिली आणि पायी गेले. जो परत येणार असतो तोच कुलूप लावतो. ते तुला टाकून गेले नव्हते, अक्का. एवढं तरी आता कागदावर लिहून देतो, सही करून देतो.

अप्पांचंही मला आता कळतंय असं वाटतं. ती सायकल चार तालुक्यांत ओळखीची होती. दाजी निजामाच्या सरहद्दीपलीकडं, स्वातंत्र्यसैनिकांच्या कॅम्पात चिठ्ठ्या पोचवतात अशी कुजबुज होती, म्हणूनच ते पायी निघाले असतील. सायकल दारात सापडली असती तर रझाकारांनी घर जाळलं असतं. अप्पांनी चिन्ह उपटलं, किल्ली नव्हती म्हणून कुलूप तसंच ठेवून सायकल उचलून नेली आणि विहिरीत सोडली. संध्याकाळी जावई आला की सांगू, असं म्हटलं असेल. जावई आलाच नाही. मग कुणाला सांगायचं, आणि कोणत्या तोंडानं?

हे सगळं मी जुळवलं. खाली हाडं निघाली तर हे सगळं पुन्हा मोडेल. एक परस गाळ उरलाय.

तू विचारशील, मग तू काय ऐकलंस? दुसरी कुठली सायकल असेल. टपालवाल्याची असेल.

गुरुलिंग


लातूर
६ मे १९८३

अक्का,

विहीर बुधवारी दगडाला लागली. मी काठावर होतो. शेवटच्या दोन दिवसांत चार बादल्या निघाल्या, एक तांब्या, बैलाची घुंगरमाळ, शेषेरावच्या पोराचा हरवलेला लाकडी भोवरा. बाकी गाळ. दगड खरवडून झाला, करंगळीएवढा झरा लागला. धोंडाबाईनं पहिली ओंजळ तोंडावर मारून वर बघितलं आणि म्हणाली, "दुकानदार, आता तरी हसा. तुमचं काई नव्हतं खाली." तिला काय कळलं होतं कोण जाणे. मी तिथंच बसून तिच्या फडक्यातली भाकरी खाल्ली. सात आठवड्यांनी अन्न गोड लागलं.

ते सुख लातूरला येईपर्यंत टिकलं. गल्ल्यावर तुझं कार्ड पडलं होतं. "रविवारी दुपारच्या बसनं येते. सायकल बघायची आहे. टपालवाल्याकडं तेव्हा सायकल नव्हती, तो पायी यायचा. तू काय ऐकलंस ते माझ्यासमोर बसून सांग. हे त्या पहाटे माळाकोळीला निघाले होते, एकाला भेटून दिवेलागणीला परत यायचं होतं."

माळाकोळी नांदेडच्या रस्त्यावर आहे.

आज शुक्रवार. पत्र उद्या तुझ्या हातात पडावं म्हणून एका ओळखीच्या कंडक्टरकडं देतोय. समोर बसून हे मला बोलता येणार नाही. मी गोष्टी सांगणारा माणूस. समोर कोणी असलं की मी ती गोड करून टाकतो.

दुकानात सांगायच्या गोष्टीत मी "लोकांनी विचारलं" म्हणायचो. लोक कोण ते कधी सांगितलं नाही. तू आतल्या खोलीत धान्याच्या कणगीमागं होतीस, तुला माहीत आहे. सहा बंदूकवाले रझाकार, दोन घोडी. ऊन अजून आलं नव्हतं. अप्पांना ओसरीवर बसवलं होतं, बंदुकीचा दस्ता गुडघ्यावर. सायकल कुठं, जावई कुठं. अप्पा म्हणत होते, न्हाई माहीत, खरंच न्हाई माहीत. त्यांचा आवाज असा मी आधी कधी ऐकला नव्हता. मला वाटलं, आता मारणार.

मग मी म्हणालो, "मला माहीत आहे. मी ऐकली. टिकटिक करत नांदेडच्या रस्त्यानं गेली."

का म्हणालो? अप्पांना सोडावं म्हणून, हे खरं. पण आणखी एक आहे. त्यांच्यातला म्होरक्या माझ्याकडं वळला आणि म्हणाला, "शाबास, तेरे कान तो बहोत तेज हैं." त्याआधी मला शाबास कोणी म्हटलं नव्हतं. मी पुढं बोलत गेलो. आधी सपाटीची चाल होती, मग चढाला बदलली, असंही सांगितलं. पोर खोटं बोलतंय असं कुणाला वाटेल? त्यांनी अप्पांना सोडलं. घर वाचलं. घोडी नांदेडच्या रस्त्याला लागली.

अप्पा माझ्याकडं बघत राहिले. सायकल विहिरीत आहे हे त्यांना माहीत होतं, म्हणून मी काहीच ऐकलं नाही हेही त्यांना माहीत होतं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं, कौतुक. दाजी कुठल्या वाटेनं गेलेत हे त्यांना माहीत होतं का, हे मला आता कुणीच सांगणार नाही. पुढच्या वर्षी त्यांनी मला लातूरला उस्तादांकडं ठेवलं. म्हणाले, ह्याला घरापासून लांब काम द्या, कान चांगले आहेत ह्याचे. त्यातलं मी कानांचं तेवढंच ऐकलं.

सायकलवरचा माणूस तासाभरात माळाकोळीला पोचला असता. तू इतकी वर्षं तेच धरून बसलीस, की सायकल होती म्हणजे सुटले. पायी माणूस घोड्यांच्या पुढं किती जाईल? मी हिशेब घातला, अक्का. मला हिशेब येतो. ते वाटेत कुठंतरी त्यांना दिसले असणार, पाठमोरे.

सायकल तयार आहे. नाझरसाहेब विकत मागून राहिले होते, नाही म्हणालो. तेलाचा डबा बसवला, तिन्ही चाली चालतात, हबमध्ये नवं तेल आहे. झाकणावरची चिंधी काढली. ती तुझी आहे. रविवारी न्यायची तर ने, नसता विहिरीत टाकायला सांग, टाकतो. मला शिव्या द्यायच्या असतील तर दुकानात सगळ्यांसमोर दे. ज्यांना मी गोष्ट सांगितली त्यांना बोलावून ठेवतो.

फक्त, मी काय ऐकलं ते विचारू नको. त्याचं उत्तर इथंच देतो. त्या पहाटे मी झोपलो होतो. बंदूकवाल्यांनी दार ठोकलं तेव्हाही मला जाग आली नाही. अव्वानं हलवून उठवलं.

गुरुलिंग